पडद्यावरचे पुस्तक आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी किरकोळ फेरफार करून येथे दिले आहे.)



संस्थेच्या चिटणीसांनी आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. सारी नोकरी प्राथमिक शाळेत खडू-फळ्याच्या संगतीत घालविलेल्या माणसाने मोबाइल आणि टॅबलेट यांवर काय बोलावे? परंतु चिटणीस म्हणाले, "सर, आपल्या शाळेतल्या मुलांसाठी तुम्ही वाचनाचे अॅप करवून घेतले. ते आधी का फसले आणि मग तुम्ही काय केलेत, एवढेच सांगा." फसल्याची गोष्ट सांगायची म्हटल्यावर मला नकार देता येईना. यशाची भाषणे पुष्कळ होतात. चुकीची कबुली जाहीर सभेत क्वचितच ऐकू येते, आणि आम्हां शिक्षकांना तर तिची सवयच नसते. ही कबुली आज मी देणार आहे, आणि शेवटी आपणा सर्वांकडे एक लहानसे मागणेही मागणार आहे.

प्रश्न कोणता?

ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा 'असर' नावाचा अहवाल २००५ सालापासून प्रसिद्ध होत आला आहे. त्याच्या २०२४ च्या अंकात असे दिसले की, तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के होती. म्हणजे चारांतील जवळजवळ तीन मुलांना तो उतारा वाचता येत नव्हता. त्याच अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांविषयी माहिती आहे. सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि सुमारे ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्याच्यावर अभ्यासाचे काही काम केले होते. समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले ७६ टक्के होती.

वयोगट निराळे आहेत, त्यामुळे या आकड्यांची वजाबाकी-बेरीज करू नये. परंतु एवढे खचित म्हणता येईल की, यंत्र घरात पोचले आहे आणि वाचन अजून उंबऱ्याबाहेर उभे आहे. अशा वेळी कोणाही शिक्षकाच्या मनात जो विचार येईल तोच माझ्या मनात आला. ज्या पडद्यावर मुलांचे डोळे खिळले आहेत त्याच पडद्यावर पुस्तक ठेवले तर? विचार चुकीचा नव्हता. तो अमलात आणताना मी चुकलो.

पहिला आराखडा

ही गोष्ट २०२२ सालची आहे. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या होत्या, आणि पुन्हा भरल्या तेव्हा तिसरी-चौथीतल्या कित्येक मुलांची अक्षरओळखच पुसट झालेली आढळली. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा संगणकाचा व्यवसाय आहे. त्याने मोबदला न घेता अॅप तयार करून देण्याचे कबूल केले. काही पालकांनी आणि हितचिंतकांनी मिळून वापरलेले सहा टॅबलेट दिले.

पुस्तकांचा प्रश्न सुटला तो 'प्रथम बुक्स' या संस्थेमुळे. ही संस्था २००४ साली स्थापन झाली, आणि २०१५ साली तिने 'स्टोरीवीव्हर' नावाचा बालपुस्तकांचा खुला संग्रह सुरू केला. त्यातल्या गोष्टी कोणीही वाचाव्या, उतरवून घ्याव्या, छापाव्या, त्यांचे भाषांतर करावे. मूळ लेखक आणि चित्रकार यांचे नाव तेवढे द्यावे, असा तिचा परवाना आहे. मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांतली पुस्तके त्यात आहेत. आमच्याकडे दोन्ही माध्यमांचे वर्ग असल्यामुळे ही मोठीच सोय झाली. शाळेतल्या इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून पुस्तके आधीच टॅबलेटमध्ये उतरवून ठेवली.

आता आराखडा करायचा होता, आणि तो मी केला. मित्रहो, मी तो ग्रंथालयाच्या नोंदवहीवरून केला. पडदा उघडला की मुलाने आपले नाव आणि इयत्ता लिहायची. मग एक रिकामी चौकट. तीत हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव लिहायचे. ज्याला नाव ठाऊक नसेल त्याच्यासाठी यादी : आधी भाषा, मग विषय, मग लेखक, मग पुस्तक. स्टोरीवीव्हरवर गोष्टींचे सोप्याकडून कठिणाकडे असे चार स्तर केलेले आहेत. मी एक पाऊल पुढे गेलो आणि प्रत्येक पुस्तकाच्या माथ्यावर 'इयत्ता पहिलीसाठी', 'इयत्ता दुसरीसाठी' अशा पट्ट्या लावल्या. पुस्तक संपले की पाच प्रश्न, आणि प्रत्येक पुस्तकामागे एक तारा. दर शनिवारी ज्याचे तारे सर्वांत जास्त त्याचे नाव फळ्यावर. मला हा आराखडा अतिशय नीटनेटका वाटला. विश्वस्तांनाही वाटला. मुलांना कोणी विचारलेच नाही.

आमची फजिती

पहिला आठवडा गर्दीचा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून टॅबलेट मोकळे राहू लागले. तिसऱ्या आठवड्यात मी खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसलो आणि मुले काय करतात ते नुसते पाहू लागलो. हे काम मी सर्वांत आधी करायला हवे होते.

पाहिले ते असे. एका मुलाला हत्तीची गोष्ट हवी होती. त्याने चौकटीत 'हती' लिहिले. यंत्राने उत्तर दिले, 'काही सापडले नाही.' जोडाक्षर लिहायचे तर आमच्या कळफलकावर मध्ये हलन्ताची कळ दाबावी लागते. ती त्याला कोण सांगणार? उर्दू वर्गातल्या मुलांची अडचण तर याहून बिकट. ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय या चारही अक्षरांचा उच्चार आपल्याकडे एकच. शब्दात कोणते अक्षर येते हे ज्याला ठाऊक आहे त्याला वाचायला शिकविण्याची गरजच काय? जे वाचायला शिकायचे तेच आधी लिहून दाखवा, तर पुस्तक देऊ, असा आमचा कारभार होता.

उर्दू पुस्तकांत आणखी एक घोटाळा मी केला होता. पुढच्या पानाचा बाण दोन्ही भाषांसाठी उजवीकडेच ठेवला होता. उर्दू पुस्तक उजवीकडून डावीकडे चालते, हे मला का ठाऊक नव्हते? पण पडद्यावर आले की माणूस साधी गोष्ट विसरतो. मुले सवयीप्रमाणे डावीकडे बोट सरकवत आणि पुस्तकाबाहेर पडत. शिवाय अक्षरे नस्ख वळणाची होती. आपल्या मुलांचे क्रमिक पुस्तक नस्तालीक वळणात असते. उर्दूची वर्तमानपत्रे कातिबांच्या हातची असत तो काळ आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नस्तालीकमध्ये अक्षरे तिरपी उतरत जातात आणि शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलतात, म्हणून यंत्राला ती दीर्घकाळ साधली नाहीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली तेव्हा हजारो जोड-आकृत्या आधी हाताने लिहून मग यंत्रात भराव्या लागल्या होत्या. आज चांगली नस्तालीक अक्षरे विनामूल्य मिळतात. ती न लावणे हा निव्वळ माझा आळस होता.

मग ताऱ्यांची गोष्ट. शनिवारी ज्या मुलाचे नाव फळ्यावर लागे त्याला मी जवळ बोलावले आणि विचारले, "बाळ, परवा वाचलेल्या गोष्टीत काय झाले?" तो गप्प. मग त्याच्या मित्रानेच मला युक्ती सांगितली. पाने भराभर सरकवायची, प्रश्नांची उत्तरे एकामागून एक दाबत राहायची, बरोबर उत्तर लागले की यंत्र हिरवे होते. त्या मुलाने फसवणूक केली असे मी म्हणत नाही. आम्ही तारे मागितले, त्याने तारे दिले.

परंतु या साऱ्याहून मला अस्वस्थ केले ते एका मुलीने. ती चौथीत होती. टॅबलेट घेऊन ती नेहमी खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसे आणि डावा पंजा पडद्याच्या वरच्या बाजूला आडवा धरी. मला वाटले, उन्हाची तिरीप येते म्हणून हात धरते. मी उठून खिडकी लावली. तरी हात तसाच. शेवटी मी जवळ जाऊन विचारले. तिने मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "सर, वर 'पहिली' असं लिहिलंय. मी चौथीत आहे."

शाळा बंद झाल्या तेव्हा ती पहिलीत होती. तिला पहिलीची पुस्तके हवी होती, ती तिला आवडत होती, आणि ती वाचण्याची तिची धडपडही चालली होती. ती धडपड एका हाताने चालली होती, कारण दुसरा हात माझी पट्टी झाकण्यात गुंतला होता. मित्रहो, इतक्या वर्षांच्या नोकरीत अनेक मुलांच्या चुका मी लाल शाईने खुणावल्या. त्या दिवशी लाल शाई माझ्या आराखड्यावर फिरली.

दूरच्या एका विद्यापीठातील धडा

अशा वेळी इतरांनी काय केले हे पाहावे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात अॅलिसन ड्रुइन आणि बेन बेडरसन यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह मुलांसाठी एक आंतरराष्ट्रीय ग्रंथालय संगणकावर उभे केले. 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या सहकार्याने ते नोव्हेंबर २००२ मध्ये सर्वांस खुले झाले. स्मार्टफोन आपल्या खिशात येण्यापूर्वीची ही गोष्ट, परंतु तिच्यातला धडा जुना झालेला नाही.

ड्रुइन यांची पद्धत अशी होती की, सात ते अकरा वर्षांची काही मुले शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन वेळा प्रयोगशाळेत येत आणि मोठ्यांच्या बरोबरीने बसून आराखडा करीत. कागद, रंग, चिकटपट्टी यांनी पडद्याचे नमुने बनवीत. काय आवडले आणि काय नावडले ते चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावीत. मुलांना तयार वस्तू दाखवून 'छान आहे ना?' असे विचारणे निराळे, आणि वस्तू घडत असताना त्यांना शेजारी बसविणे निराळे. मात्र मूल म्हणेल ते सारे करायचे असाही प्रकार नव्हता. मूल तेथे मालक नव्हते आणि पाहुणाही नव्हते; ते भागीदार होते.

या भागीदारीतून काय निघाले? मुले पुस्तक लेखकाच्या नावाने शोधीत नाहीत. ती मुखपृष्ठाच्या रंगावरून शोधतात. ग्रंथपालाला हे ऐकून हसू येईल. पण आपल्याच शाळेत "सर, ते लाल पुस्तक द्या ना," असे मूल म्हणते की नाही? मग त्या ग्रंथालयात रंगाची कळ आली. पुस्तक आखूड की लांबलचक, गोष्ट खरी की कल्पनेतली, तीत मुले आहेत की प्राणी आहेत की अद्भुत जीव आहेत, असे शोधण्याचे मार्ग चित्रांच्या कळांवर आले. कळा लहान बोटांना सापडतील एवढ्या मोठ्या केल्या. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. खणात खण, त्या खणात आणखी खण अशी मांडणी लहान मुलांना अवघड जाते. साऱ्या कळा एकाच पडद्यावर समोर मांडल्या तर मुले दोन-तीन कळा एकदम लावून, म्हणजे 'लाल, आखूड आणि प्राण्यांचे' असे पुस्तक, सहज शोधून काढतात. माझी 'भाषा, विषय, लेखक, पुस्तक' ही यादी आठवा. खणात खण म्हणतात तो हाच प्रकार.

त्या मंडळींनी जर्मनी, होंडुरास, न्यूझीलंड आणि अमेरिका या चार देशांतील बारा मुलांचा चार वर्षे मागोवा घेतला. मुले अधिक प्रकारची पुस्तके वाचू लागली, परक्या देशांविषयी त्यांचे कुतूहल वाढले. आणि गंमत अशी की, पडद्यावर वाचणाऱ्या या मुलांना भिंतींचे, कपाटांचे खरे ग्रंथालयही तितकेच हवेसे वाटत राहिले. ही शेवटची गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

बक्षिसाचे काय?

ताऱ्यांविषयी बोललो, म्हणून एका जुन्या प्रयोगाची आठवण देतो. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना चित्रे काढणे मुळातच आवडत होते अशी मुले त्यांनी निवडली. काहींना सांगितले, चित्र काढाल तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तेव्हा, आधी बक्षीस कबूल करून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली होती ती मुले आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवीत होती. आवडीचे काम मजुरीचे झाले की मजुरी थांबताच काम थांबते. बक्षीस वाईटच असते असे मी म्हणत नाही. कंटाळवाण्या कामाला त्याने हातभार लागतो. पण गोष्ट वाचणे हे मुलाला कंटाळवाणे काम वाटावे अशी व्यवस्था आपणच करायची आणि मग त्यावर ताऱ्यांचे मलम लावायचे, हा उलटा धंदा झाला.

नवा आराखडा

मग आम्ही काय केले? चौथीची आणि तिसरीची, मराठीची आणि उर्दूची मिळून सहा-सात मुले निवडली. हुशार म्हणून गाजलेली मुले मुद्दाम घेतली नाहीत. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर ती थांबत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी पडद्याची चित्रे काढली. आमचा माजी विद्यार्थी येई, मुलांच्या शेजारी जमिनीवर बसे, आणि मी बहुतेक वेळ तोंड मिटून बसे. शिक्षकाला याहून कठीण शिक्षा नाही.

मुलांनी पहिल्याच दिवशी नाव-इयत्तेची चौकट फुलीने खोडून टाकली. "गोष्ट वाचायची तर नाव कशाला पाहिजे?" असे एकाने विचारले. मला उत्तर देता आले नाही. पुढे आमच्या माजी विद्यार्थ्याने सांगितले की, २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती लागते. मुलाने सहज विचारलेला प्रश्न कायद्यालाही पडला होता.

आता पडदा उघडला की समोर मुखपृष्ठेच दिसतात. खाली चित्रांच्या कळा आहेत : प्राणी, मुले, भूत, हसवणारी, खरीखुरी. 'भूत' ही कळ मुलांच्या आग्रहाने आली, आणि सर्वांत जास्त तीच झिजते. पुस्तकाची जाडी पानांच्या लहान-मोठ्या गठ्ठ्याने दाखविली आहे. उर्दू पुस्तके उजवीकडून उघडतात, आणि त्यांची अक्षरे नस्तालीक आहेत. प्रश्न गेले, तारे गेले, फळ्यावरचे नाव गेले. एका मुलाची सूचना होती की प्रत्येक पानानंतर क्रिकेटचा एक चेंडू खेळायला मिळावा. तिच्यावर बरीच चर्चा झाली. अखेर एका मुलीनेच निकाल दिला, "मग सगळे क्रिकेटच खेळतील." सूचना नामंजूर झाली.

इयत्तेच्या पट्ट्या अर्थात गेल्या. परंतु मुलाला पुस्तक झेपेल की नाही हे कळावे कसे? त्यासाठी ग्रंथालयांतून चालत आलेली एक साधी पद्धत घेतली. मुखपृष्ठाला बोट लावले की आतले एक पान उघडते. मुलाने ते वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पाचही बोटे मिटली तर पुस्तक तूर्त कठीण समजावे. हा निवाडा मुलाच्या मुठीत राहतो. शेजाऱ्याला तो दिसत नाही.

शेवटची भर आवाजाची. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना १९९६ च्या सुमारास एक कल्पना सुचली : दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी द्याव्या, आणि गायला जाणारा शब्द रंगत जावा. गाणे ऐकता ऐकता माणूस नकळत वाचू लागतो. १९९९ साली गुजराती चित्रपटगीतांवर हा उपक्रम दूरदर्शनवरून सुरू झाला. हीच युक्ती पुढे मुलांच्या पडद्यावरील पुस्तकांत आली. स्टोरीवीव्हरवरही अशी ऐकत वाचायची पुस्तके आहेत. गूगलने २०१९ साली भारतात 'बोलो' नावाचे जे अॅप आणले त्यात याच्या उलट दिशा होती. मूल मोठ्याने वाची, यंत्र ऐके आणि अडला शब्द उच्चारून दाखवी. पुढच्याच वर्षी 'रीड अलाँग' या नावाने ते मराठी आणि उर्दू धरून नऊ भाषांत आले.

आम्हांला एवढे परवडणारे नव्हते. आम्ही मुलांच्या आयांना, दाद्या-नान्यांना विचारले. काहीजणी लाजल्या, काहीजणी आल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना कोणी ओळ वाचून दाखवी आणि त्या आपल्या सुरात ती म्हणत. कोकणातून आलेल्या एका दादींनी कोल्ह्याची गोष्ट अशी म्हटली की, आमचा माजी विद्यार्थी यंत्र बंद करायचे विसरून ऐकत राहिला. आता आवाज चालतो तसा शब्द रंगत जातो. नको असेल त्याने आवाज बंद करावा.

कपाटाची किल्ली

आपण विचाराल, निकाल काय? आकडे मी सांगणार नाही, कारण मोजदाद करावी एवढा पसारा आमचा नाही, आणि ताऱ्यांच्या अनुभवानंतर मोजण्याचा मला थोडा धसकाच बसला आहे. टॅबलेट मोकळे पडत नाहीत, दोन टॅबलेट नादुरुस्त झाले तेव्हा मुलांनीच आमच्यामागे भुणभुण लावली, एवढे सांगतो. सर्व मुले वाचू लागली असेही नाही. कित्येकजण अजून नुसता आवाज ऐकतात. ऐकू द्यावे. मूल बोलण्यापूर्वी वर्षभर ऐकतच असते.

परंतु ती खिडकीतली मुलगी एके दिवशी दोन्ही हातांत टॅबलेट धरून माझ्यापाशी आली. विहिरीतल्या भुताची गोष्ट तिने संपविली होती. म्हणाली, "सर, अशी अजून मोठी गोष्ट आहे का? कागदाचं पुस्तक असलं तरी चालेल." मी आनंदाने उठलो आणि वाचनालयाच्या कपाटाशी गेलो. कपाटाला कुलूप होते. किल्ली कारकुनांकडे, आणि कारकून दोन दिवस रजेवर. पुस्तके हरवू नयेत, फाटू नयेत म्हणून कपाट बंद ठेवण्याचा ठराव मी मुख्याध्यापक असतानाच झाला होता आणि त्याखाली सही माझी होती. ती मुलगी तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. आली, हे आमचे नशीब. सगळी मुले पुन्हा येत नाहीत.

विश्वस्त बंधूंनो, माझे मागणे एवढेच आहे. पडद्यावरचे पुस्तक हा उंबरा आहे, घर नव्हे. त्या चार देशांतल्या मुलांनाही पडद्यावर वाचून झाल्यावर खरे ग्रंथालय हवेच होते. आपण पडद्यापाशी मुलाला आणले आणि कपाटाला कुलूप ठेवले, तर त्याला दारात बोलावून दार लावून घेतल्यासारखे होईल. पुस्तके हरवतील, काही फाटतील. फाटलेले पुस्तक निदान कोणीतरी उघडलेले असते. दरसालच्या अंदाजपत्रकात टॅबलेटच्या दुरुस्तीसाठी रक्कम धरता तशी हरवणाऱ्या पुस्तकांसाठीही धरा, आणि कपाट उघडे ठेवा.

आणि पालक हो, आपल्याकडेही एक मागणे आहे. मूल मोबाइलवर वाचते आहे असे सांगेल तेव्हा 'किती पाने झाली?' असे विचारू नका. 'कशाची गोष्ट आहे?' असे विचारा, आणि ते सांगेल तितका वेळ ऐका. आणि ते आपल्या इयत्तेपेक्षा सोपे पुस्तक वाचत असेल तर ते आपल्याला दिसले नाही असे समजा.

ती मुलगी आता आपल्याच हायस्कुलात शिकते, कदाचित आज या सभेतही असेल. ती कोण हे मी सांगणार नाही. तिने जे हाताने झाकले होते ते मी व्यासपीठावरून उघडे करावे हे बरे नव्हे. मात्र माझ्या चुकीला आराखड्यातून बाहेर काढल्याबद्दल मी तिचे आभार मानतो.